खो मिळायच्या आधी उठू नये

डॉक्टर म्हणाले, गुडघा पास.
मशीनवर दोन्ही पाय ताणून दाखवले होते मी,
डावा शंभर, उजवा त्र्याण्णव.
शिवून तयार झालेल्या ब्लाउजसारखी
फाईल हातात दिली. जा, खेळ आता.
येताना अशोक चौकात रिक्षा वळली
आणि मी दांडा धरायचा सोडून
गुडघा धरला.

हत्तुरे मॅडमची खोली सात रस्त्याजवळ,
एक्स-रेवाल्याच्या वर, दुसरा मजला.
सत्तावीस पायऱ्या. मोजते म्हणून माहीत.
पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं,
किती विश्वास आहे गुडघ्यावर, शंभरातला?
मी म्हटलं, ऐंशी.
आठ दिवसांनी साठ.
मग एकदा, पंख्याकडे बघत, पस्तीस.
त्या म्हणाल्या, छान, सुधारणा आहे.
मला हसू आलं. मग गेलं.

हा आकडा घरी कुणाला सांगायचा?
आई दिवसाला हजार विड्या वळते,
तिचे आकडे कारखान्यात दुसरंच कुणी मोजतं.
नायना टॉवेलच्या मागावर.
टाक्यांवरून अंगठा फिरवून म्हणाले,
तुटला धागा सांधला की माग चालू करायचा,
बघत बसलं तर माल कधी निघणार?
मग, बऱ्याच वेळानं,
पण सांधलेलं बोटाला कळतंच, बिड्डा,
गिऱ्हाइकाला कळत नाही इतकंच.

म्हेत्रे सर फोनवर एकच सांगायचे,
डोक्यातलं काढून टाक.
जसं काही बुटात खडा आहे.

नवव्या खेपेला मॅडम म्हणाल्या, तो व्हिडिओ बघू या का?
भावाच्या मोबाइलमध्ये अकरा महिने पडून होता,
मी कधी पाहिला नव्हता.
पार्कवरची मॅच, उतरती उन्हं,
मी खांबाकडे सुटलेली, डावा हात खांबाला,
उजवा पाय जागच्या जागी
आणि वरचं सगळं अंग वळून पुढे गेलेलं.
आवाज वाढवा, मी म्हटलं.
टक, असा झाला होता ना तो आवाज.
झोपेत ऐकते, जिन्यात ऐकते,
कुकरच्या शिट्टीच्या जरा आधी ऐकते.
व्हिडिओत तो नव्हताच.
शिट्टी होती, शेंगावाला होता,
अंबुजा ओरडत होती, अगं उजवीकडे, उजवीकडे,
कुणाचं तरी तान्हं रडत होतं.
तीनदा लावला. नव्हताच.
मी रडले, चांगली नाक वाहेपर्यंत.
मॅडमनी पाण्याची बाटली सरकवली
आणि बोलल्या काहीच नाहीत.

नंतर मीच त्यांना खो-खो समजावला.
आठ जणी बसतात, एकीआड एक तोंडं उलटी.
पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही.
हात लागतो आणि शब्द येतो, दोन्ही एकदम, तेव्हाच उठायचं.
आधी उठलं की फाउल.
मॅडम पेनाचं टोपण लावत म्हणाल्या,
मग तुला दिलाय का कुणी?
दिला की. डॉक्टरांनी, सरांनी,
निवडीच्या पत्रानं सुद्धा.
हात लागला?

गेल्या गुरुवारी ग्राउंडवर गेले.
सरांना म्हटलं, मोठ्यांत नको, पोरींत बसते.
चौथा चौक. तळव्यांखाली तीच माती,
दिवसभराची तापलेली.
मागून कुणीतरी धावत येतंय,
श्वासावरून कळलं, लहान आहे.
पाठीवर फाटकन हात बसला. खो!
उठले.
खांबाला एसटीसारखा मोठा वळसा घेतला,
समोरची केव्हाच निसटली.
सरांनी वहीत काहीतरी लिहिलं.

किती उशीर, ताई!
बारा वर्षांची श्रावणी, कमरेवर हात, रागानं लाल.
तिला माझ्या गुडघ्याचं काही माहीत नाही.
मी पुन्हा चौथ्या चौकात जाऊन बसले,
तिच्याकडे पाठ करून.
म्हटलं, परत दे.